कडेवर बाळ, हातात पासपोर्ट

रात्रीचे अकरा वाजून गेले की मुंबईच्या टी-टू टर्मिनलच्या चौथ्या मजल्यावर गाड्यांना उभं राहायला जागा उरत नाही. अमेरिका, युरोप, आखाताकडे जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून निरोप बाहेरच, ट्रॉल्यांच्या गर्दीत उभ्याउभ्या घ्यावा लागतो. अशा एका रात्री दाराजवळ डोंबिवलीहून आलेलं एक कुटुंब उभं होतं. आजोबा बॅगांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचत होते, आजी नातवाचं टोपरं नीट करत होती, आणि सात महिन्यांचा तो नातू स्वतःच्या पासपोर्टचा कोपरा चघळत होता. त्याचा बाबा बारशाला आला होता, रजा संपली तसा न्यू जर्सीला परतला. आता आई आणि बाळ निघाले होते. सीआयएसएफच्या जवानाने दोन पासपोर्ट पाहिले, बाळाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मान हलवली. दार ओलांडलं आणि ती एकटी झाली. एका हाताने ट्रॉली, दुसऱ्या हाताने बाळ.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘प्रवास’ हा विषय दिला, तेव्हा सगळ्यात लहान प्रवाशाबद्दल लिहायचं मी ठरवलं. त्यासाठी तान्ह्या मुलांना घेऊन गेलेल्या आयांशी बोलले, ठाण्याच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे बसले, पार्ल्यात राहणाऱ्या एका निवृत्त हवाईसुंदरीला गाठलं, आणि विमानतळावर नुसतं उभं राहूनही पुष्कळ पाहिलं. या विषयावर सल्ल्यांचा तोटा नाही. पण त्यातले बहुतेक सल्ले सोबत नवरा-बायको दोघं आहेत असं गृहीत धरून दिलेले असतात: एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने बॅग उघडायची. आपल्याकडून जाणाऱ्या कितीतरी बाळांच्या वाट्याला एकच मोठं माणूस असतं. बाळंतपणाला माहेरी आलेली आई परत निघते. किंवा सुनेची रजा संपते आणि आजी नातीला घेऊन निघते. म्हणून ऐकलेली प्रत्येक गोष्ट मी एकाच कसोटीला लावली: एक हात बाळाने अडवल्यावर हे उरलेल्या हाताने जमेल का?

आधी नाव, मग पासपोर्ट

बाळ चार दिवसांचं असो की चार महिन्यांचं, परदेशी जायचं तर त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टावर नाव घालून भागत नाही. तेव्हा प्रवासाची खरी सुरुवात पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होते. जन्माची नोंद नावाविना होऊ शकते, नाव मागाहून घालता येतं. पण पासपोर्टसाठी नाव घातलेला दाखला हवा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. त्यामुळे आत्याने पाळण्यात कानात सांगितलेलं नाव आणि दाखल्यावरचं नाव यांचं एकमत लवकर झालेलं बरं. पत्रिकेतलं नाव, आजोबांच्या आवडीचं नाव आणि आईबापांनी ठरवलेलं नाव या वादात महिना गेला, तर तो थेट तिकिटाच्या तारखेवर जातो.

अज्ञान मुलाच्या अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचं घोषणापत्र लागतं. पासपोर्ट कार्यालयाच्या भाषेत ते ‘अ‍ॅनेक्शर डी’. बाबा परदेशी असेल, तर त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यावं लागतं. यात बरेच दिवस जातात. बारशाला तो इथे आलेला असतानाच सही घेऊन अर्ज भरून टाकला, तर हे सगळं टळतं. मी ज्या आयांशी बोलले त्यांच्यापैकी ज्यांचं काम सुरळीत झालं, त्यांनी बहुतेक हेच केलं होतं. बारशाची पंगत उठली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज गेला.

फोटोची कथा वेगळी. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो पासपोर्ट केंद्रात काढत नाहीत, तो न्यावा लागतो: साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, चेहरा समोर, कोणाचाही हात दिसता कामा नये. मान न धरणाऱ्या बाळाचा असा फोटो काढणं सोपं नाही. ठाण्याच्या एका स्टुडिओवाल्याची रीत सरळ आहे. जमिनीवर पांढरी चादर, तिच्यावर बाळ उताणं, आणि वरून कॅमेरा. दूध पिऊन ढेकर दिल्यावर लगेच आणा, असं तो फोनवरच सांगतो. गालावरची तीट आणि डोळ्यांतलं काजळ पुसायला सांगितलं की आज्या नाराज होतात, पण चेहऱ्यावर खूण नको. काजळाबद्दल आणखी एक. त्यात शिसं सापडत असल्याने अमेरिकेत अशा काजळाच्या विक्रीला परवानगी नाही. ती डबी घरीच राहू द्यावी.

आईने लग्नानंतर आडनाव बदललं नसेल, तर बाळाचं आणि तिचं आडनाव वेगळं पडतं. इथे त्यात काही वावगं वाटत नाही, पण परक्या देशातला अधिकारी ‘हे मूल तुमचंच का’ असं विचारू शकतो, आणि तो विचारतो ते मुलांच्या पळवापळवीला आळा घालण्यासाठी. जन्मदाखल्याची प्रत आणि न येणाऱ्या पालकाचं संमतीपत्र हातातल्या बॅगेत ठेवलं की दोन मिनिटांत मोकळं होता येतं. आजी-आजोबा नातवंडाला घेऊन जात असतील, तर दोन्ही पालकांचं पत्र हवंच.

वाटेत विमान बदलायचं असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टावर ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तो नियम बाळाला वेगळा लागू होतो. आईच्या पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा असल्याने तिला सूट मिळते, बाळाच्या कोऱ्या पासपोर्टाला मिळेलच असं नाही. तिकीट घेण्यापूर्वी दोन्ही पासपोर्ट समोर ठेवून चौकशी करावी.

पुढच्या भिंतीजवळची जागा

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर न्यायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर, असा हिशेब असतो. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावी लागते. गोंधळ होतो तो परतीच्या तिकिटाचा. जाताना तेवीस महिन्यांचं असलेलं मूल येताना पंचवीस महिन्यांचं असतं, आणि त्या परतीच्या प्रवासाला त्याची स्वतःची सीट लागते.

बॅसिनेट म्हणजे भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा. तो केबिनच्या विभागांमधल्या भिंतीसमोरच्या मोजक्या जागांवरच बसतो. वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते, बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास. लांबीलाही मर्यादा असते. आठ-नऊ महिन्यांचं अंगापिंडाने भरलेलं बाळ त्यात मावेल का, ते आधी पाहावं. नुसती मागणी नोंदवून पाळणा मिळतोच असं नाही. तिकीट काढल्या दिवशी फोन करावा, आठवडाभर आधी पुन्हा विचारावं आणि चेक-इनला लवकर पोचावं. ऐनवेळी विमानाचा प्रकार बदलला, तर जागाही बदलतात.

या जागेचा एक तोटा कोणी सांगत नाही. समोर सीट नसल्याने पायाशी बॅग ठेवता येत नाही. विमान उडताना-उतरताना सगळं वरच्या कप्प्यात जातं, आणि नेमकं तेव्हाच दुपटं, बाटली, चोखणी हाताशी हवी असते. पार्ल्याच्या त्या बाईंनी यावर सुचवलेला उपाय मला आवडला. एका छोट्या कापडी पिशवीत एका वेळचं सगळं भरायचं: दोन डायपर, ओले रुमाल, एक झबलं, एक बाटली. उठताना फक्त ती पिशवी घ्यायची. मोठी बॅग वर राहू दे. एका हाताने वरचा कप्पा उघडून बॅग उतरवणं जमत नाही, आणि दर वेळी शेजाऱ्याला उठवणंही नको वाटतं.

पाळणा मिळाला म्हणजे बाळ रात्रभर त्यात झोपेल, असंही नाही. पट्टे बांधायचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. कधीकधी ते तासाभरात दोनदा होतं. जुळी असतील, तर एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ बसू शकतं, दुसऱ्याला जागा घ्यावी लागते. तीन सीटच्या एकाच ओळीत दोन तान्ही बाळं बसवत नाहीत, त्याचं कारण डोक्यावरच्या कप्प्यात आहे. ऑक्सिजनचा मुखवटा तिथे साधारण सीटच्या संख्येपेक्षा एकच जास्त असतो.

थोड्या मोठ्या मुलांच्या पालकांसाठी एक दिलासा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच आरक्षणातल्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. वेगळी जागा आली, तर काउंटरवर हा नियम सांगावा.

थेट विमान घ्यावं की वाटेत थांबावं, यावर मी भेटलेल्या आयांत सरळ दोन तट आहेत. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायला पंधरा-सोळा तास लागतात. वाटेत थांबलं तर पाय मोकळे होतात, बाळाला जमिनीवर सोडता येतं, पण कान दोनदा दुखतात, तपासणी दोनदा होते आणि दुसरं विमान गाठायची धावपळ उरतेच. दोघं असतील तर थांबा बरा. एकटी आई असेल तर थेट विमान, जास्त पैसे मोजूनही. मला हे मत पटलं. अबू धाबीचा एक अपवाद मात्र सांगण्याजोगा आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन निघण्यापूर्वीच उरकतं. अमेरिकेत उतरल्यावर पेंगुळलेल्या बाळाला घेऊन रांगेत उभं राहावं लागत नाही.

लाडवाचा डबा आणि दुधाची बाटली

आपल्याकडे लेक परत निघाली की आईचे हात रिकामे राहत नाहीत. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेतकूट, नाचणीचं सत्त्व, सुकं खोबरं, सगळं बांधलं जातं. यातल्या दोन गोष्टींबद्दल सावध राहायला हवं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर सक्त बंदी आहे, आणि डिंकाच्या लाडवात खसखस असतेच. दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाणार असाल, तर लाडू बिनखसखशीचे करा. सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात गणलं जातं. त्या वाट्या तपासणीत बाहेर काढतात, आणि बाळ कडेवर असताना बॅग उघडून खालपर्यंत उपसायची वेळ येते.

बाळाच्या दुधाचं उलट आहे. शंभर मिलिलिटरची मर्यादा त्याला नाही. प्रवासापुरतं दूध, उकळलेलं पाणी, पातळ खाणं नेता येतं. अधिकारी तपासतो, कधी बाटली उघडायला लावतो, पण फेकायला लावत नाही. हा द्रवांचा नियम ऑगस्ट २००६ मधला. लंडनहून सुटणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं न्यायचा कट तेव्हा उघडकीला आला, आणि पहिल्या काही दिवसांत आईबापांना बाळाचं दूध तपासणी अधिकाऱ्यासमोर चाखून दाखवावं लागत होतं. आज ते करावं लागत नाही. दुधाची पिशवी मात्र वेगळी ठेवावी आणि रांगेत पोचताच आपणहून दाखवावी.

तपासणीत बाळाला झोळीतून बाहेर काढावं लागतं, ढकलगाडी मिटवून यंत्रातून जाते. मिटवायला दोन हात लागणारी ढकलगाडी एकटीच्या प्रवासात निरुपयोगी ठरते. विकत घेताना दुकानातच बाळ कडेवर घेऊन ती मिटवून पाहा. ती विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथे चिठ्ठी लावून घेतात. उतरल्यावर ती दारात मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. पट्ट्यावर मिळणार असेल, तर मधल्या अर्ध्या किलोमीटरसाठी अंगावर बांधायची झोळी हवीच.

वरच्या दुधाबद्दल डॉक्टरबाई फार काटेकोर आहेत. पावडरीचं दूध करायला पाणी निदान सत्तर अंश तापलेलं असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पावडर निर्जंतुक नसते. त्यासाठी पावडर एकेका वेळची मोजून छोट्या डब्यांत भरा, चांगल्या थर्मासमध्ये घरून उकळतं पाणी न्या, आणि बाटली कर्मचाऱ्यांकडून गार पाण्याच्या भांड्यात निववून घ्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचं हे सगळं वाचतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरून पाणी पाजायची गरज विमानातही नाही, जास्त वेळा पाजलं की झालं. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास. आईने स्वतः पाणी पीत राहायचं. एकटी आई स्वच्छतागृहाला जावं लागेल म्हणून पाणी टाळते. मला भेटलेल्या जवळपास प्रत्येकीने हे केलं होतं.

कळसूबाईपेक्षा उंच

विमान पस्तीस हजार फुटांवर असतं, तेव्हा केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा राखलेला असतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. तेव्हा विमानात बसलेलं बाळ महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षाही वर असतं, आणि अर्ध्या तासात तिथे चढून अर्ध्या तासात खाली येतं. विमानातल्या रडण्याची बरीचशी कारणं या एका गोष्टीत आहेत.

कानाच्या पडद्यामागची पोकळी घशाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. वर चढताना आतली हवा सहज बाहेर निसटते. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, नळी दबून बंद होते आणि पडदा आत ओढला जातो. दुखतं ते उतरताना. मोठी माणसं आवंढा गिळतात, जांभई देतात आणि नळी उघडते. बाळाची नळी आखूड, अरुंद आणि जवळपास आडवी असते, आणि आवंढा मुद्दाम गिळायचं त्याला कळत नाही. त्याला चोखायला काहीतरी द्यावं लागतं.

इथे सगळे चुकतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. “चाकं जमिनीला टेकायच्या वेळी बाटली काढतात. तोवर उशीर झालेला असतो.” विमान उतरायला लागतं ते जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. इंजिनांचा आवाज बदलतो, पुढचं टोक किंचित खाली जातं, कानात दडे बसू लागतात. बाळाला पाजायची वेळ ती. म्हणून त्याआधीच्या तासात पोटभर पाजू नये, थोडी भूक ठेवावी. झोपलं असेल तर? झोपेत गिळणं कमी होतं. उतरायला सुरुवात होताच त्यांनी उठवायला सांगितलं, आईच्या जिवावर आलं तरी. सर्दी असेल किंवा कान दुखून गेला असेल, तर निघण्यापूर्वी कान तपासून घ्यावा.

पोटाचंही तसंच. दाब कमी झाला की आतड्यांतला वायू साधारण एकतृतीयांशाने फुगतो. चिवड्याचं पाकीट वर गेल्यावर टम्म होतं, तसंच बाळाचं पोट. दर पाजण्यानंतर ढेकर काढायची, पोटाला घट्ट बसणारे कपडे टाळायचे. दूध पिण्याच्या पेल्यातही हीच गंमत होते. नळीचा पेला वर गेल्यावर उघडला, की दूध आपोआप कारंज्यासारखं वर येतं. झाकण आधी थोडं सैल करून दाब जाऊ द्या.

निरोगी बाळांना ही उंची बाधत नाही. कमी दिवसांची जन्मलेली, छातीचा किंवा हृदयाचा त्रास असलेली बाळं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नयेत. बऱ्याच कंपन्या आठवड्याच्या आतलं बाळ घेत नाहीत. डॉक्टरबाईंचा सल्ला असा, की नड नसेल तर पहिल्या लसी होईपर्यंत थांबा. गोवर ही त्यांची मुख्य काळजी. आपल्याकडे पहिली मात्रा नवव्या महिन्यात देतात. परदेशप्रवास करणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक मात्रा आधी द्यावी, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सुचवते. ही मात्रा नेहमीच्या मात्रांमध्ये मोजत नाहीत, म्हणून लसीकरणाच्या कार्डावर तारखेसह लिहून घ्यायची.

झोपेच्या औषधाबद्दल त्या आवाज चढवूनच बोलल्या. बाळ रडू नये म्हणून फेनरगनचे चार थेंब द्या, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात भेटतात. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन, म्हणजे फेनरगनमधलं औषध, देऊ नये, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. विमानात मुळात प्राणवायूचा दाब कमी. रडणारं बाळ सुखरूप असतं, हे शेजाऱ्यांनाही कळायला हवं.

मांडीवरचं बाळ

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या विमान क्रमांक २३२ चं शेपटीकडचं इंजिन फुटलं आणि विमान वळवायची सगळी यंत्रणा निकामी झाली. सू सिटीच्या धावपट्टीवर ते आदळलं, तेव्हा आतल्या २९६ जणांपैकी ११२ गेले. विमानात मांडीवरची चार बाळं होती. त्या वेळच्या रिवाजानुसार त्यांना पायांशी, जमिनीवर, ब्लँकेटात गुंडाळून ठेवायला सांगण्यात आलं. चौघांतलं एक वाचलं नाही. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाईसुंदरी जॅन ब्राऊन यांनी पुढे अनेक वर्षं प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि पट्टा असावा, म्हणून लढा दिला. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये तशी सक्ती करायला नकार दिला. त्यांचा हिशेब असा: तिकीट महागलं की कुटुंबं गाडीने जातील, आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील.

हा हिशेब कोरडा वाटतो, पण खोटा नाही. डोंबिवली ते विमानतळ हा टप्पा तेच बाळ टॅक्सीत पुढच्या सीटवर, आजीच्या मांडीवर, पट्ट्याविना करतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास हजार रुपये दंड ठेवला आहे. तो भरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तिकीट घेताना आपण बाळाच्या सुरक्षेची जेवढी चौकशी करतो, तेवढी टॅक्सी ठरवताना करत नाही, याची मला खंत वाटते.

मांडीवरच्या बाळासाठी भारतीय आणि युरोपीय कंपन्या एक छोटा पट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात ओवतात. अमेरिकी कंपन्या देत नाहीत, कारण धक्क्यात मोठ्या माणसाचं वजन बाळावर येतं, असं तिथल्या प्रशासनाचं मत. म्हणून एकाच प्रवासात एक विमान पट्टा देतं आणि दुसरं नाही. परवडत असेल, तर स्वतंत्र जागा आणि विमानासाठी मान्यता असलेलं कारसीट हा सर्वांत सुरक्षित मार्ग. थोड्या मोठ्या, दहा ते वीस किलोच्या मुलासाठी खांद्यांवरून घ्यायचा ‘केअर्स’ नावाचा पट्टा मिळतो. त्याला २००६ पासून मान्यता आहे, आणि तो हातातल्या पिशवीत मावतो. परवडत नसेल, तर निदान विमान हलायला लागताच बाळाला उचलून जवळ घ्या, झोपमोड झाली तरी.

सोबत

एकटीच्या प्रवासात सर्वांत कठीण काय, असं विचारल्यावर कोणीही रडणं सांगितलं नाही. स्वच्छतागृह, असंच सांगितलं. बाळ पाळण्यात झोपलेलं असताना उठायचं की नाही? विमानातलं डायपर बदलायचं फळकूट जेमतेम असतं, दार एका हाताने लावावं लागतं. कर्मचाऱ्यांचं काम बाळ सांभाळायचं नाही. तरी पार्ल्याच्या बाई म्हणाल्या, “जेवण वाटून झालं की मागच्या भागात या आणि सरळ विचारा. गाड्या फिरत असताना विचारलंत तर कोणी हो म्हणू शकत नाही.”

यावर आपल्या लोकांनी स्वतःच तोडगा काढला आहे. महाराष्ट्र मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हिवाळ्यात, उन्हाळ्यात असे निरोप फिरत राहतात: अमुक तारखेला मुंबई-नेवार्क, आई-बाबा पहिल्यांदा येत आहेत, सोबत हवी. दुसऱ्या टोकाला एकटी आई असते, तिलाही सोबत हवी असते. आजोबांना फॉर्म भरता येत नाही, तिला बाळ धरायला कोणी हवं असतं. दोघांची गरज जुळते. नागपूरच्या एका बाईंनी सांगितलं, की पुढच्या ओळीतल्या सातारच्या आजींनी सगळा प्रवासभर आळीपाळीने बाळ घेतलं. आजींना जेवणाच्या ताटावरचं प्लास्टिक उघडता येत नव्हतं, ते यांनी उघडून दिलं. ओळख जुळली तरी कोणाची बंद पिशवी घेऊ नये, सामान आपलं आपलंच राहू द्यावं. सोबत म्हणजे माणसाची सोबत.

पाय फुटलेलं मूल, सव्वा ते दोन वर्षांचं, सर्वांत अवघड. पाळण्यात मावत नाही, बसत नाही, समजावलं तर ऐकत नाही. त्याच्यासाठी निघण्यापूर्वीचे दोन तास महत्त्वाचे. खुर्चीत बसवून ठेवू नका, पळू द्या. टी-टूमध्ये गेटकडे जाताना ‘जय हे’ची लांबच लांब कलाभिंत आहे, हत्ती, घोडे, लाकडी दरवाजे, मूर्ती. मुलं तिथे खुशाल रमतात. लहान मुलांना आधी विमानात घ्यायला बोलावतात, तेव्हा घाई नको. आत लवकर बसलं की तेवढा वेळ जास्त बांधून राहावं लागतं. दोघं असतील तर एकाने सामान घेऊन पुढे जावं. एकटी असाल तर मात्र आधी जा, कारण वरच्या कप्प्यात बॅग ठेवायला तेव्हाच जागा आणि मदत मिळते. रंगीत चिकटपट्टीची गुंडाळी, बोटाने सोलायची चित्रं, चुरमुऱ्यांची डबी. एकेक गोष्ट तासातासाने काढायची, सगळी एकदम नाही.

उतरल्यावर

दारात कारसीट असलेली गाडी उभी असायला हवी. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात लहान मुलांसाठी तो कायदा आहे, आणि पहिल्यांदा आलेल्या आजीला तो कडक वाटतो. बाळ रडतंय, मी मागे घेऊन बसते, असं ती म्हणते. तिला हे मुंबईत असतानाच सांगून ठेवावं.

मग रात्रींचा प्रश्न. न्यू जर्सी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. तीन-चार महिन्यांखालच्या बाळाचं घड्याळ अजून नीट लागलेलंच नसतं, त्याला दर दोन तासांनी भूक लागते, तशी तिथेही लागते. खरा त्रास एक ते तीन वर्षांच्या मुलांना होतो. उपाय उजेडाचा. सकाळी पडदे उघडून बाहेर न्यायचं, ढगाळ असलं तरी. दुपारची झोप तोडायची नाही, पण दोन तासांवर जाऊ द्यायची नाही. मध्यरात्री उठलंच तर दिवा मंद, टीव्ही बंद, मऊ भात-तूप भरवायचं, कारण त्याच्या पोटाच्या हिशेबाने ती जेवायची वेळ असते. दिवसा जेवण वेळेवर देत राहिलं, की पोट आधी जुळतं, झोप मागाहून.

हेच उलट्या दिशेने, अमेरिकेहून सुटीला इकडे येताना, आणखी जड जातं. पूर्वेकडे येताना झोप लागायला वेळ लागतो. शिवाय इथे पहिल्या संध्याकाळपासून घरात माणसं भरलेली असतात. काका येतात, आत्या येते, शेजारी येतात, आणि रात्री नऊला सगळ्यांना बाळ बघायचं असतं. दोन मुलांना घेऊन दरवर्षी कोल्हापूरला येणाऱ्या एका आईने यंदा निघण्यापूर्वी घरच्या गटावर निरोप टाकला होता: पहिले पाच दिवस सकाळी दहा ते बारा या वेळातच भेटायला या. आत्याबाई सुरुवातीला रागावल्या. चौथ्या दिवशी सकाळी दहाला डबा घेऊन आल्या, तेव्हा धाकटा जागा होता आणि हसत होता.